ट्रॉलीवर बांधलेली मोटारसायकल

दिवाळी सरली की गडहिंग्लजहून आजऱ्याकडे येणाऱ्या रस्त्याचं रूप पालटतं. चार महिने कोसळणारा पाऊस थांबलेला असतो. हिरण्यकेशीचं गढूळ पाणी निवळतं, काठावरची भातं कापणीला येतात आणि घनसाळ तांदळाचा वास एस.टी.च्या खिडकीतून आत शिरतो. या तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आजऱ्याच्या माणसाला मात्र तो कागदाआधी नाकाने ओळखता येतो.

याच दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टर दिसू लागतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत काय नसतं? पत्र्याच्या पेट्या, ज्वारी-बाजरीची पोती, पाण्याचे कॅन, कोपी उभी करायच्या काठ्या, ताडपत्री, डालग्यातल्या कोंबड्या, एखादी शेळी. या सगळ्यावर बसलेली माणसं, मांडीवर लेकरं. आणि अलीकडच्या वर्षांत पुष्कळ ट्रॉल्यांवर, सगळ्या सामानाच्या वर, दोरखंडाने करकचून बांधलेली एक मोटारसायकल.

ही ऊसतोड कामगारांची कुटुंबं. बहुतेक बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून, साडेतीनशे-चारशे किलोमीटरवरून आलेली. आजऱ्याचा साखर कारखाना गवसे इथे, आंबोलीच्या वाटेवर आहे. शिवाय या पट्ट्यातला ऊस आजूबाजूच्या कारखान्यांकडेही जातो. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. वर्षातले पाच-सहा महिने या माणसांचं घर चाकांवर असतं किंवा कोपीत असतं. त्यांच्यात आपलीही कुटुंबं असतात. मराठवाड्याची दखनी आणि आजऱ्याची दखनी एकसारखी नाही, पण ‘नक्को’ आणि ‘हौ’ एवढ्या दोन शब्दांवर ओळख व्हायला वेळ लागत नाही.

ट्रॉलीवरच्या त्या मोटारसायकलीबद्दल गावात नेहमी एक शेरा ऐकू येतो. “खायला नाही म्हणतात आणि गाड्या घेऊन फिरतात!” चहाच्या टपरीवर, बाजारात, कधी शाळेच्या खोलीतसुद्धा हे वाक्य कानावर पडतं. म्हणून हा प्रश्न नीट विचारून पाहावासा वाटतो. ज्यांचं घरच चाकांवर आहे, ज्यांच्यापाशी आधीच एक मोठी गाडी आहे, त्यांनी दुसरी छोटी, कमी खर्चाची गाडी बाळगावी का? ती चैन आहे की गरज?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत हजारो लोक घरदार विकून मोटारघरात राहतात. बसएवढ्या गाडीत पलंग, चूल, न्हाणीघर, सगळं असतं. काही जण हौसेने असे फिरतात, पण घरभाडं परवडत नाही म्हणून रस्त्यावर आलेली म्हातारी माणसंही त्यात पुष्कळ आहेत. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी त्यांच्यावर ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ मध्ये लिहिलं. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. आपल्याला विशेष वाटावं अशी गोष्ट म्हणजे ही माणसं हंगामी कामं करत फिरतात आणि त्यांतलं एक काम साखरेच्या बीटाचं असतं. उत्तरेकडच्या राज्यांत शरद ऋतूत बीटाची काढणी होते आणि मोटारघरं तिथे येऊन थांबतात. चाकांवरचं घर आणि साखरेचं काम, ही जोडी तिथेही आहे.

त्या लोकांतही दुसऱ्या गाडीचा वाद रंगतो. मोठं मोटारघर लिटरला जेमतेम तीन-चार किलोमीटर जातं. दूध आणायला ते बाहेर काढायचं म्हणजे घरातलं सगळं सामान बांधा, पाण्याची नळी काढा, विजेची तार काढा. म्हणून पुष्कळ जण मागे एक छोटी मोटार बांधून ओढत नेतात. मुक्काम पडला की ती सोडायची आणि गावात जायचं. ज्यांचं घर म्हणजे गाडीमागची ट्रॉली असते, ते घर उभं करून पुढची गाडी मोकळी करतात. काहींचं म्हणणं असतं की दोन गाड्या म्हणजे दोन विमे, दोन दुरुस्त्या. त्यापेक्षा सायकल बरी. तिथला हिशेब मुख्यतः पैशाचा आणि सोयीचा आहे. आजऱ्याच्या तळावर त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे मोठी गाडी मुळात कोणाची?

ऊसतोडीत कामाच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात. गाडी सेंटरवाले बैलगाडीने ऊस वाहतात. बैल त्यांचे, पण दिवसभर ओझं ओढलेल्या बैलांना रात्री पुन्हा जुंपता येत नाही. डोकी सेंटरवाले डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रकमध्ये भरतात. त्यांच्यापाशी गाडी अशी नसतेच. ट्रॅक्टर टोळीपाशी ट्रॅक्टर असतो, पण बहुतेक वेळा तो मालकाचा असतो आणि त्याचा करार ऊस वाहण्याचा असतो. भरला की तो कारखान्याकडे जातो आणि वजनकाट्याच्या रांगेत उभा राहतो. ही रांग कधी दोन तासांची, कधी रात्रभराची. म्हणजे लांबून पाहणाऱ्याला टोळीपाशी भलीमोठी गाडी दिसते, पण त्यातल्या बाईला, तापाने फणफणलेल्या लेकराला त्या गाडीचा काडीचा उपयोग नसतो. कुटुंबाची म्हणावी अशी गाडी एकच, ती ट्रॉलीवर बांधून आणलेली.

तिचा उपयोग काय होतो, ते तळावर जाऊन पाहिलं की कळतं. कोपी फडाजवळ किंवा माळावर असते. ज्वारी दळून आणायची तर गिरणी गावात. रेशनचं धान्य आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानातही घेता येतं, पण तिथून पोतं आणायचं कशाने? कोपीत वीज नसते किंवा कशीबशी ओढलेली असते, मग मोबाइल चार्ज करायलाही कोणीतरी गावात जातं. फड बदलला की आधी पुढे जाऊन पाणी कुठे, सावली कुठे, वाट कशी, हे पाहून यावं लागतं. आमच्या भागात येणारे मेंढपाळ धनगर पूर्वीपासून सामानासाठी घोडी बाळगतात. आता त्यांच्याही वाड्यावर एखादी मोटारसायकल दिसते आणि कारभारी तिच्यावरून पुढचं रान बघून येतो. फिरत्या माणसाला ओझ्याची गाडी वेगळी आणि धावपळीची वेगळी लागते, हे ज्ञान काही नवं नाही.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला या गाडीचा आणखी एक उपयोग दिसतो. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आपल्या राज्यात आहे. ते घेऊन मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. शिक्षण हक्क कायद्यानेही वर्षाच्या मध्ये प्रवेश नाकारता येत नाही. कागदावर सगळं आहे, पण तळ आणि शाळा यांच्यात चार-पाच किलोमीटर आहेत. पहाटे तीन-चारला आई-बाप फडात गेलेले. सात-आठ वर्षांचं मूल एकटं डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रॉल्यांच्या गर्दीतून कसं येणार? ज्या तळावर मोटारसायकल आहे आणि सकाळी कोणीतरी एक फेरी मारतं, त्या तळावरची मुलं हजेरीपटावर टिकतात. बाकीची आठ दिवस येतात आणि मग दिसेनाशी होतात. साखरशाळा तळाजवळच भरवण्यामागे हेच कारण होतं. जिथे ती नाही, तिथे मधलं अंतर कशाने तरी तोडावंच लागतं.

मग उत्तर सोपं आहे का? गाडी असावी, संपलं? तसंही नाही. गाडीची दुसरी बाजू कर्जाची आहे.

ऊसतोडीचा पैसा उलटा चालतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरून मुकादम उचल देतो. ती रक्कम लग्नात, आजारपणात, जुन्या देण्यात संपून जाते. हंगामभर केलेलं काम त्या उचलीपोटी फिटत राहतं. मधल्या काळात हातात येते ती थोडीशी खर्ची आणि उसाचे वाढे विकून मिळालेले पैसे. एखादा दिवस काम चुकलं की खाडा. आता हप्त्यावर घेतलेल्या गाडीचा विचार करा. हप्ता दरमहा मागतो आणि या घरात दरमहा पगार येत नाही. तो जातो वाढ्यांच्या पैशातून, म्हणजे लेकरांच्या दूध-भाजीतून. नाहीतर पुढच्या हंगामाची उचल वाढवून. व्याजाचा प्रश्न आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी जी गाडी माणसाला मोकळं करायला घेतली, तीच त्याला आणखी एक हंगाम बांधून टाकते. नवी कोरी गाडी हप्त्यावर घेऊन फडावर येण्यापेक्षा जुनी, पण रोख पैशात घेतलेली गाडी शंभर पटींनी बरी.

जुनी घेताना एक काळजी मात्र हवी. तळावरच्या पुष्कळ गाड्या तीन-चार हात फिरून आलेल्या असतात आणि कागदावर पहिल्याच मालकाचं नाव असतं. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घेतलं नाही, तर उद्या अपघात झाल्यावर गाडी कोणाची इथूनच वाद सुरू होतो. विमा नसेल तर समोरच्या जखमी माणसाची भरपाई अंगावर येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना गाडी चालवल्याचा दंड ५,००० रुपये आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवली, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाप फडात आहे म्हणून चौदा वर्षांचा पोरगा पिठाचं पोतं घेऊन गाडीवर निघतो, हे दृश्य सगळ्यांनी पाहिलं आहे. एका अपघातात अख्ख्या हंगामाची कमाई जाते, ती तर फक्त पैशाची बाजू.

आणि आमचा रस्ता साधा नाही. आंबोलीच्या बाजूला हिवाळ्यात पहाटे धुकं उतरतं. गवे रात्री शेतात उतरतात आणि रस्ता ओलांडतात. आजरा-चंदगडच्या रानात दोन दशकांपासून रानटी हत्तींचा वावर आहे. त्यात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. बीडच्या सपाटीवर गाडी चालवणाऱ्या माणसाला ही वळणं आणि ही जनावरं माहीत नसतात. तेव्हा गाडी असली तरी रात्री ती काढावी की नाही, हा विचार आहेच. दिवसाच्या लांबच्या कामाला आजरा आगाराची एस.टी. जास्त सुरक्षित आणि स्वस्तही. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मं तिकीट आहे. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं, गावी मयतीला जायचं, तर मोटारसायकलीवर तिघं-चौघं कोंबण्यापेक्षा एस.टी. बरी. कायदाही चालकामागे एकालाच बसू देतो.

पण अडचण नेमकी रात्री येते आणि रात्री एस.टी. नसते. एक प्रसंग सांगते. बीड जिल्ह्यातून आलेल्या एका कुटुंबातली आई मुलीचं नाव घालायला शाळेत आली होती. बोलता बोलता तिने आदल्या आठवड्याची गोष्ट सांगितली. धाकट्या मुलाला रात्री ताप चढला आणि झटके आले. नवरा ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर, रांगेत. तळावर दोन म्हाताऱ्या आणि बाकी बायका-मुलं. फोनला रेंज नव्हती. लेकराला पोटाशी धरून ती उसाच्या सरीतून डांबरी रस्त्यापर्यंत चालत आली. अर्ध्या तासाने दुधाचा टेम्पो आला, त्याने तिला आजऱ्यात ग्रामीण रुग्णालयात आणून सोडलं. मूल वाचलं, अल्लाहचा शुक्र. मी तिला विचारलं, “भाभी, तुमच्याकडे मोटारसायकल आहे ना?” ती म्हणाली, “है ना टीचर. कोपी के सामनेच थी. चाबी इनो के खिशे में, इनो कारखाने पे. और चाबी रहती तो बी मेरे कू कहां आती चलाने? फिर वो गाडी क्या काम की?”

तिच्या या प्रश्नाने माझ्यापुरता वाद मिटवला. दुसरी गाडी असावी की नसावी, एवढाच प्रश्न धरला तर आपण अर्ध्यावरच थांबतो. ती तळावर असते का, तिची किल्ली कोणापाशी असते आणि तळावर मागे राहणाऱ्यांपैकी कोणाला ती चालवता येते, हे त्यापुढचे प्रश्न आहेत. मोठी गाडी कामाची, ती कामाबरोबर जाणारच. छोटी गाडी घराची असेल, तर ती घरात राहणाऱ्या माणसाच्या हातात हवी. नवऱ्याच्या खिशात किल्ली असलेली मोटारसायकल ही कुटुंबाची दुसरी गाडी नव्हे. ती नवऱ्याची पहिली गाडी आहे.

हे ऐकायला सोपं आणि करायला अवघड आहे, हे मला कळतं. फडात दिवसभर कोयता चालवून, मोळ्या बांधून, वर स्वयंपाक करणाऱ्या बाईने गाडी केव्हा शिकायची? गिअरची मोटारसायकल साडी नेसून चालवणं तर कठीणच. पण म्हणूनच गाडी कुठली, याचा विचार व्हावा. टीव्हीएस एक्सएलसारखी विनागिअर मोपेड वजनाला हलकी असते. पुढे पाय ठेवायच्या जागी पिठाचं पोतं किंवा पाण्याचा कॅन बसतो, पेट्रोलही कमी लागतं. ती चालवायला विनागिअर गाडीचा परवाना पुरतो. आपल्या आजऱ्यात शिक्षिका, नर्स, दुकानात काम करणाऱ्या मुली स्कूटरवरून ये-जा करतात, त्यात बुरखा घातलेल्याही आहेत आणि नऊवारी नेसलेल्याही. फडावरच्या बाईला ते जमणार नाही, असं काही नाही. तिला कोणी शिकवलेलं नाही, इतकंच. विजेवर चालणारी स्कूटर पेट्रोल वाचवते खरी, पण जिथे मोबाइल चार्ज होत नाही तिथे ती चार्ज कुठे करणार? तळावर वीज येईपर्यंत ती गोष्ट दूरची.

प्रत्येक कोयत्याने वेगळी गाडी घ्यावी, असंही माझं म्हणणं नाही. दहा-बारा कोयत्यांच्या टोळीला एक-दोन गाड्या पुरे आहेत. पेट्रोलची वर्गणी काढायची. एक गाडी रात्री तळावरच राहील, ती कोणी कारखान्यावर नेणार नाही, असा नियम करायचा. किल्ली एका ठरलेल्या कोपीत, ठरलेल्या खिळ्यावर. दोघांचा तरी परवाना असावा आणि त्यांपैकी एक जण मागे राहणारा, शक्य तर बाई असावी. हे काम मुकादमाने मनावर घेतलं तर सहज होईल. तो हंगामाआधी उचल देताना अंगठे आणि सह्या घेतोच. तेव्हाच परवान्याचीही चौकशी करायला काय हरकत आहे?

आणि ज्या टोळीपाशी काहीच नाही तिचं काय? तिथे आपला, म्हणजे गावाचा, भाग येतो. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आणि ती मोफत आहे. पण बाहेरून आलेल्या माणसाला ती बोलावताना जागा सांगता येत नाही. “उसाच्या फडात आहे” एवढ्यावर चालक कसा पोचणार? कोपीतल्या बाईला गावाचं नाव, जवळच्या वस्तीचं नाव, डांबरी रस्त्यावरची खूण सांगता आली पाहिजे. आम्ही शाळेत तळावरच्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच पाठ करून घेतो. आईचं नाव, गावाचं नाव, तळाजवळची खूण, १०८. मराठीतून आणि उर्दूतूनही. मूल घरी जाऊन तेच म्हणत राहतं आणि आईला ते आपोआप पाठ होतं.

ज्यांच्या शेतात टोळी उतरते त्यांनी आपला फोन नंबर आणि जवळच्या एखाद्या रिक्षावाल्याचा, जीपवाल्याचा नंबर कोपीवर लिहून द्यावा. चिटबॉय मोटारसायकलीवरून रोज फडावर येतोच, त्याच्यापाशीही तळावरच्या गरोदर बायांची माहिती असावी. मशिदीत जुम्म्याला तळावरचे चार जण येतात, सफेत शेजारी उभे राहतात. नमाज झाल्यावर त्यांना एवढं विचारलं तरी पुरे, “तळ कुठं पडलाय? रात्री काही लागलं तर कोणाला फोन करता?” रमजान हंगामाच्या अखेरीस येतो तेव्हा आपण इफ्तारीला खजूर आणि फळं पाठवतो, ते चांगलंच आहे. त्या डब्याबरोबर एक नंबर लिहिलेली चिठ्ठी गेली, तर ती हंगाम संपेपर्यंत उपयोगी पडेल.

तेव्हा पुढच्या वेळी ट्रॉलीवर बांधलेली मोटारसायकल दिसली आणि कोणी तो शेरा मारला, तर त्याला शांतपणे सांगावं की मोठी गाडी कारखान्याची आहे, घराची एवढीच आहे. आणि त्या गाडीच्या मालकाची गाठ पडली, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. हप्ता फिटला का? कागद तुमच्या नावावर आहेत का? आणि रात्री तुम्ही कारखान्यावर असता तेव्हा किल्ली कोणापाशी असते?